गोल सह्या

खोली बावीस, अल सजा, शारजा.
आमच्याकडे तलाठ्याच्या हद्दीला सजा म्हणतात
असं सांगितलं तर मुलतानचा युसुफ हसला :
आमच्याकडे, भाई, सजा म्हणजे सजाच.

तीन महिने पगार नाही.
जिन्यात, वॉटर कूलरच्या घरघरीत,
एकोणीस जण उकिडवे बसलेले.
कुणी म्हणालं, एक लीडर निवडू,
आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.
मी सातपूरचा. मला घोषणा येतात.

येतात ना.
घशाला तो चढ अजून पाठ आहे.

कापसे साहेब गेटबाहेर स्टुलावर उभे राहत
तेव्हा आतली प्रेस मशीनं गप्प झाल्यासारखी वाटायची.
महिना वीस रुपये, गुलाबी पावती.
बोनस मिळवून दिला त्यांनी, खोटं का बोलू,
पगारेची तीन बोटं गेली
तर बोटागणिक भरपाई वसूल केली.
म्हणून तर एकशे चौदा दिवस
आम्ही मांडवाखाली बसून राहिलो.
बायकोनं आधी पोत मोडली, मग शिलाई मशीन,
मग माझ्याशी बोलणं.

एकशे पंधराव्या दिवशी साहेबांना तिकीट मिळालं.
एकशे सोळाव्या दिवशी करार झाला.
बासष्ट जण बाहेर.
त्याग, असं ते भाषणात म्हणाले;
शब्द त्यांचा होता.
गेटवरचा लाल फलक नव्यानं रंगवला,
आतला लेबर ठेका मेव्हण्याकडे गेला,
आणि मी, बासष्टातला एकेचाळिसावा,
त्यांची पत्रकं वाटत फिरलो सिडकोभर
कारण निवडून आले की बघू म्हणाले होते.

गेल्या हिवाळ्यात ते दुबईला आले. सत्कार होता.
खुर्च्या भरायला आमच्या कंपनीनं दोन बस पाठवल्या.
स्टेजवर साहेब, शेजारी आमचा मालक,
दोघांच्या गळ्यात एकाच दुकानातले हार.
कामगाराचा घाम, असं काहीतरी बोलले.
आवाज तोच. अंगावर काटाही तोच, लाज वाटते सांगायला.
निघताना रांगेत हात हातात घेतला :
काय, मजेत?
मी म्हणालो, मजेत.
हातात समोसा-बालुशाहीचं पाकीट होतं.

हे सगळं जिन्यात कसं सांगणार, मोडक्या हिंदीत?
एवढंच म्हणालो, लीडर नको.
षण्मुगम म्हणाला, मग अर्जावर पहिलं नाव कुणाचं?
पहिल्या नावाला तिकीट मिळतं.
विमानाचं. एकेरी.

तिकडेही तिकीट, इकडेही तिकीट.
हसू आलं मला. कुणाला कळलं नाही का ते.

मग मफिजुल उठला, आपलं स्टीलचं ताट घेऊन आला,
पाइपलाइनच्या जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर
पालथं घातलं, कडेकडेनं पेन फिरवलं.
त्या गोलावर आम्ही सह्या केल्या,
बंगाली, तमिळ, उर्दू, माझी देवनागरी,
बिमल थापाचा अंगठा,
बारा नसलेल्या घड्याळासारख्या.
मधे युसुफनं अरबीत लिहिलं : तीन महिने.

लेबर ऑफिसातल्या माणसानं कागद फिरवला,
पुन्हा फिरवला.
पुढारी कोण तुमचा?
एकोणीस जण आपापल्या चपलांकडे बघत राहिले.

दोन महिन्यांचे आले. तिसरा अजून यायचाय.
कुणाला विमानात बसवलं नाही, अजून तरी.

त्या रात्री डाळ वाढताना
मफिजुलनं पहिली पळी माझ्या ताटात टाकली.
सगळे म्हणाले, हां हां, पहिले साब को.
साब.
घशात काहीतरी गोड सरकलं, डाळीच्या आधी.

मफिजुलच्या ताटाच्या काठाला
निळी शाई अजून लागलेली होती.
माझं ताट मी स्वतःहून पुढे केलं होतं का,
ते आठवून बघतोय.